चिंता करू नका हे पाठ आहे, पण रात्री तीनला जाग येते त्याचं काय करायचं?

घणसोलीची_मार्था

सलाम सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

वय ३६, माहेर नगरकडचं, आजोबांपासून ख्रिस्ती. संडे स्कूल, तरुण संघ, नाताळची गाणी सगळं लहानपणापासून आहे त्यामुळे वचनं मला कोणी शिकवायला नकोत, मीच दुसऱ्यांना सांगायचे. फेब्रुवारीत मिस्टरांची नोकरी गेली. इंटरव्ह्यू चालू आहेत, दोन ठिकाणी शेवटच्या राऊंडपर्यंत गेले आणि मग नुसतं "कळवतो". घराचा हप्ता ३१ हजार, तो आता माझ्या पगारातून जातो, उरलेल्यात महिना ओढायचा. मुलगी चौथीत. गावी आईचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय, ती काही बोलत नाही आणि ते न बोलणंच जास्त लागतं.

रात्री तीन, सव्वातीनला जाग येते. रोज. अलार्म लावल्यासारखी. मग सोसायटीचा पंप सुरू होईपर्यंत मी छताकडे बघत हिशोब करते, तोच हिशोब, उत्तर पण तेच. मागच्या महिन्यात ठाण्याला ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मकडे जाताना पुलावर छातीत असं काही आवळलं की मला वाटलं गेले मी. एका भाजीवालीने टोपली बाजूला सारून मला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. हार्ट वगैरे काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले एन्झायटी आहे, गोळ्या लिहून दिल्या.

हे मी आमच्या बुधवारच्या प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये सांगितलं आणि तिथेच चुकलं. एक ताई म्हणाल्या चिंता म्हणजे अविश्वास आणि अविश्वास म्हणजे पाप. दुसऱ्या म्हणाल्या गोळी घेतलीस तर मग प्रभूवर भरवसा कुठे राहिला. वाईट मनाने नाही बोलल्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना पण केली. पण मी घरी येऊन चार दिवस घेतलेली गोळी बंद केली. स्ट्रिप कुठे आहे माहितीये? शास्त्राला, म्हणजे बायबलला, चेनचं कव्हर असतं ना, त्याच्या आतल्या खिशात. मिस्टरांना दिसू नये म्हणून. रोज शास्त्र उघडलं की बोटाला ती स्ट्रिप लागते.

आता तीनला उठल्यावर दोन चिंता असतात, एक पैशाची आणि एक ही की मला चिंता होतेय म्हणजे माझा विश्वास खोटा आहे का. पहिलीचं कळतं, दुसरीचं काय करू?

विश्वासाने_चाला

प्रेज द लॉर्ड सिस्टर. चिंता सैतानाकडून येते, त्याला जागा देऊ नका. फिलिप्पै ४:६, कशाविषयीही चिंता करू नका हे वचन, सकाळ संध्याकाळ मोठ्याने बोला, तीन दिवस उपास धरा. गोळीने झोप येते, शांती येत नाही. शांती प्रभूच देतो. प्रार्थनेत ठेवतो तुम्हाला.

तलावपाळी_सिस्टर

मी नन नाही, नर्स आहे, बावीस वर्षं झाली, म्हणून आधी वरच्या भाऊंना नमस्कार करून सांगते की तीन दिवस उपास बिपास अजिबात नको. झोप नाही, टेन्शन आहे, त्यात पोट रिकामं ठेवलं की हात आणखी थरथरणार, छाती आणखी धडधडणार, आणि मग वाटणार सैतान आला. सैतान नाही, साखर कमी झाली.

मार्था बाई, पुलावर झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. साधारण दहा मिनिटांत तो चढतो आणि मग उतरायला लागतो. तेवढा वेळ मरण समोर दिसतं ही गोष्ट खरी, मी पेशंट बघितलेत, मस्करी नाही. डॉक्टरांनी हार्ट बघितलं ते चांगलं केलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ झालं नसेल तर विचारून घे, बायकांमध्ये यातलं काही बिघडलं तरी धडधड होते आणि आपण वचनं शोधत बसतो. गोळीचं म्हणशील तर चार दिवसांत काहीच कळत नाही. एन्झायटीच्या रोजच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला थोडं जास्तच अस्वस्थ वाटू शकतं. म्हणून आपल्या मनाने चालू नको, आपल्या मनाने बंद पण नको, लिहून देणाऱ्याला फोन करून सांग की मी चार दिवसांनी थांबले, आता काय करू. ते रागावणार नाहीत, रोज दहा जण हेच करतात.

आणि एक. आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं ना, "याला ठाण्याला टाका". मी ठाण्यातच वाढले, शाळेत पोरं एकमेकांना हेच चिडवायची. ते हॉस्पिटल १९०१ पासून इथे आहे आणि इतक्या वर्षांत त्याचा उपयोग आपण सगळ्यात जास्त केला असेल तर शिवी म्हणून. त्यामुळे मानसोपचाराचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, तो ख्रिस्ती असो की कोणी असो. तुझ्या ग्रुपमधल्या बायकांची पण भीती अर्धी तीच असणार, वर वचन लावलं एवढंच.

माझं सांगते. २०२० ला कोविड वॉर्डात ड्युटी होती. वर्षभराने सगळं निवळलं तेव्हा माझं सुरू झालं. झोप नाही, लिफ्टमध्ये जायची भीती. आम्ही कॅथलिक, मी बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायला लागले, ठाणा दादर, मग गाडी बदलून माहीम, त्या गर्दीत उभं राहून फक्त रडायचे. एकदा पापनिवेदनाला बसले आणि म्हटलं फादर माझा विश्वास संपलाय. फादर थोडा वेळ गप्प राहिले आणि विचारलं, आज जेवलीस का. मला रागच आला. मग ते म्हणाले, एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं. दूत आला आणि म्हणाला ऊठ, खा. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी. तो खाऊन परत झोपला. दूताने परत उठवलं, परत खा म्हणाला. आणि कारण काय दिलं तर तुला लांब जायचंय. देव बोलला तो त्यानंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर.

त्या दिवशी मी माहीमला खाली उतरून दोन वडापाव खाल्ले आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे गेले.

रात्री फारच झालं आणि कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. फोनमध्ये सेव्ह करून ठेव. आणि जगूच नये असा विचार एकदा जरी आला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, घरातल्याला उठवायचं.

पाळकाचा_पोरगा

ताई तुम्ही नाव मार्था घेतलंय म्हणून राहवलं नाही. बहुतेक लूक १० मधल्या मार्थेवरून घेतलंय, बहीण मरिया येशूच्या पायाशी ऐकत बसली आणि ही कामात, तेव्हा येशू म्हणाला ना "तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस", ती. बिचारीला दोन हजार वर्षं झाली, प्रत्येक महिला मेळाव्यात तिच्या नावाने बोलणी खातात बायका, आणि मेळाव्याचं जेवण कोणी केलेलं असतं तर मार्थांनीच.

पण ती गोष्ट तिथे संपत नाही. योहान ११ काढा. भाऊ मेलाय, येशू उशिरा आलाय, मरिया घरात बसून राहिलीय आणि गावाबाहेर धावत कोण गेलं, तर मार्था. गेल्या गेल्या काय म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. हे गाऱ्हाणंच आहे, सरळ तोंडावर. आणि त्याच दमात, सहा ओव्यांनी, म्हणजे सहा वचनांनी, ती म्हणते तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस. जे पेत्र बोलला म्हणून आपण त्याला एवढा मान देतो तेच ही बाई बोलली, सुतक चालू असताना. आता यानंतर तिची चिंता संपायला पाहिजे होती ना? बारा ओव्यांनी येशू म्हणतो धोंड काढा, तर मार्था लगेच, प्रभू चार दिवस झालेत, वास येत असेल. म्हणजे एवढी मोठी कबुली देऊन झाल्यावरसुद्धा तिच्या डोक्यात हिशोब चालूच आहे, चार दिवस, वास, लोक जमलेत. येशूने तिला आठवण दिली, मी म्हटलं नव्हतं का म्हणून. पण तिची आधीची कबुली खोटी धरली नाही. आणि धोंड काढलीच. पुढच्या अध्यायात जेवण आहे, तिथे लिहिलंय मार्था वाढत होती. म्हणजे ती बदलून मरिया झाली नाही हो. मार्थाच राहिली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे. विश्वास आणि हिशोब एकाच डोक्यात राहू शकतात, राहतात.

दुसरं, १ पेत्र ५:७, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका. आपण हे फ्रिजवर चिकटवतो. पण त्यामागे स्तोत्र ५५ आहे, "तू आपला भार परमेश्वरावर टाक", आणि ते स्तोत्र सुरुवातीपासून वाचून बघा एकदा. काळीज आत तळमळतंय, भीती आणि कापरं सुटलंय, पारव्यासारखे पंख असते तर उडून लांब गेलो असतो. हे तुमचं ठाण्याच्या पुलावरचंच वर्णन आहे ना? ओळ चारपासून हे चालू होतं आणि भार टाक ही ओळ बाविसावी. मधल्या अठरा ओळी तो नुसता बडबडतोय, मित्राने दगा दिला त्याबद्दल चिडतोय, संध्याकाळी, सकाळी, दुपारी कण्हतो म्हणतोय. आपण मंडळीत बाविसावी ओळ हातात देतो आणि आधीच्या एकवीस विसरतो. या ओळींना नंबर तरी कधी पडले, नव्या करारातले तर १५५१ मध्ये छापताना, सोयीसाठी. त्या सोयीने आपण वचनाचे तुकडे करून औषधासारखे वाटायला लागलो, विश्वासाने_चाला भाऊ तुमच्यावर राग नाही, मी पण तेच करायचो.

आमचे वडील पाळक होते. कोपरखैरणेला भाड्याच्या हॉलमध्ये मंडळी भरायची, हॉलवाल्याने एका महिन्याची मुदत दिली. मी दहावीत. रात्री पाण्याला उठलो तर अप्पा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे, दिवा बंद, आणि हळू आवाजात तेच तेच, तुला माहीत आहे, तुला माहीत आहे, तुला माहीत आहे. प्रार्थना होती की काय होतं माहीत नाही. सकाळी रविवार होता, त्यांनी मत्तय ६ वरच, चिंता करू नका वाल्यावर, प्रवचन केलं. तेव्हा मला ते ढोंग वाटलं होतं, खूप वर्षं वाटत होतं.

खारघर_थॉमस

सगळे गोड बोलून झालेत तर मी थोडं कडू बोलतो. गोळी घ्या, डॉक्टरकडे जा, त्याला विरोध नाही. पण इथे सूर असा लागलाय की चिंता असू दे, चालतं, मार्थाला पण होती. प्रभूने करू नका म्हटलंय ते म्हटलंय, त्याचं काहीतरी करावं लागेल.

मत्तय ६:२५ "ह्यास्तव" ने सुरू होतं. ह्यास्तव म्हणजे मागे काहीतरी आहे. मागे आहे तुम्ही देवाची आणि धनाची सेवा करू शकत नाही. म्हणजे चिंतेचा विषय प्रभूने पैशावरून काढला, झोपेवरून नाही. माझी नोकरी २०१९ ला गेली, खारघरला टू बीएचके, हप्ता ४२ हजार. मी पण तीनला उठायचो. सहा महिने प्रार्थना करत होतो प्रभू नोकरी दे, आणि एकदा स्वतःलाच विचारलं की नक्की कशाची भीती आहे. उपाशी मरायची? नाही. भीती होती साडूला काय सांगू, सोसायटीत काय दिसेल. फ्लॅट विकला, त्याच नोडमध्ये भाड्याने गेलो. ज्या दिवशी सही केली त्या रात्री झोपलो. नाव अजून खारघर थॉमस आहे बघा.

ताईंनी विकावं असं म्हणत नाही. पण बँकेत जाऊन विचारलंत का मुदत वाढवून हप्ता कमी होतो का? व्याज जास्त जाईल पण श्वास मिळेल. हप्ता चुकायच्या आधी गेलं तर ऐकतात, चुकल्यावर गेलं की सूर बदलतो. भरवसा ठेवणं म्हणजे नुसतं वाट बघणं नाही, कधी कधी मूठ सोडणं पण असतं.

तलावपाळी_सिस्टर

थॉमस भाऊ बँकेचं बरोबर बोललात. पण सगळ्यांची चिंता साडूची नसते. तिच्या आईचा गुडघा आहे त्यात.

खारघर_थॉमस

मान्य. ते वाचलं होतं, लिहिताना विसरलो.

नेरुळची_आजी

नातू टाईप करून देतोय, मी बोलतेय.

लेकरा, सलाम. मी ७१ वर्षांची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप लागला तेव्हा माझ्या कडेवर एक आणि पोटात एक होतं. आमचे हे गिरणीत होते. पहिला महिना सगळे म्हणाले आठ दिवसांत मिटेल. तो मिटलाच नाही, कोणी मिटला असं जाहीर पण केलं नाही. चाळीतली अर्धी माणसं गावाला गेली. आम्ही गेलो नाही कारण गावाला पण काही नव्हतं.

मी प्रार्थना करायचे ती तांदूळ निवडताना, कारण तेव्हाच काय ते बसायला मिळायचं. आणि प्रार्थना कसली, भांडणच. ताटात खडे बाजूला करायचे आणि एकेका खड्याला एक बोलायचे. हे दुकानदाराचं उधार. हे भाडं. हे यांचं गप्प बसणं. हे बाळंतपण. खडे वाटीत टाकायचे आणि म्हणायचे घे, हे तुझ्याकडे. आणि दुसऱ्या दिवशी तेच खडे परत, रेशनचा तांदूळ होता तो. कधी एका प्रार्थनेत माझी चिंता गेली नाही. रोज टाकायची, रोज परत यायची. माझ्या सासूबाई म्हणायच्या, इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, रोजचा रोजच मिळायचा, ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्याच्यात किडे पडले. तर भरवसा पण तसाच गं, आज पुरता मिळतो. उद्याचा आज मागायला गेलं तर हातात किडेच येतात.

प्रभूने शिकवलेली प्रार्थना पण बघ, रोजची भाकर आज दे. त्या काळात मला वाटायचं हे बरं आहे, हप्ता महिन्याचा, भाडं महिन्याचं आणि भाकर तेवढी रोजची. पण तीच पुरली. म्हणजे भाडं पुरलं नाही, भाडं सहा महिने थकलं, खोटं कशाला बोलू. यांनी मग भाजीची गाडी लावली. गिरणीतला माणूस, जॉबर होता, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, त्याला वांगी ओरडायची लाज वाटायची तर तो हळू आवाजात वांगी वांगी करायचा आणि मी घरात हसायचे आणि मग रडायचे.

चमत्कार झाला नाही. पोरं मोठी झाली. तुला गोळी दिलीय तर घे. मी पण बीपीची घेते, ती घेताना पाळकसाहेब मला कधी विचारत नाहीत की भरवसा कुठे गेला.

अजून एक. नवऱ्यापासून लपवू नकोस. मी उधारी लपवली होती, ते जास्त महागात पडलं.

विश्वासाने_चाला

आजी, सलाम. उपासाचं मी घाईत लिहिलं. माझी बहीण पण गोळी घेते, मी तिला पण हेच बोललो होतो, ती दोन महिने माझ्याशी बोलत नाहीये. आज फोन करतो.

घणसोलीची_मार्था

तीन दिवसांनी येतेय, सगळं दोनदा वाचलं. आजींचं ऑफिसच्या बसमध्ये वाचत होते, बाजूच्या मुलीने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, वांगी.

डॉक्टरांना फोन केला. खरंच रागावले नाहीत. परत सुरू करा म्हणाले, दोन आठवड्यांनी बोलावलंय, थायरॉइड पण करायला सांगितलं. थॉमस भाऊ, सोमवारी बँकेत जातोय दोघं. तुमचं वाचून आधी राग आला, मग मी खरंच यादी केली की कशाची भीती आहे, आणि सात गोष्टींतल्या दोन लोक काय म्हणतील वाल्या निघाल्या. पाच खऱ्याच आहेत पण.

मिस्टरांना सांगायचं होतं तर संध्याकाळी धीर झाला नाही. रात्री जाग आली, तीन वाजून पाच मिनिटं. पडल्या पडल्या, अंधारातच म्हटलं, जागे आहात का. आणि ते लगेच हो म्हणाले. झोपेतून उठलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो. मी विचारलं कधीपासून जागे आहात, तर म्हणाले फेब्रुवारीपासून. म्हणजे इतके महिने आम्ही दोघं एकमेकांची झोप मोडू नये म्हणून शेजारी शेजारी गप्प पडून होतो, एक छताकडे बघत आणि एक भिंतीकडे. मग मी स्ट्रिपचं सांगितलं. ते म्हणाले मला माहितीये, रविवारी स्तोत्र काढायला तुझं शास्त्र घेतलं तेव्हा दिसली, मला वाटलं तू मला सांगशील तेव्हा सांगशील.

उठून चहा केला. पंप सुरू झाला तेव्हा आम्ही चहा पीत होतो. प्रार्थना करायची म्हणून बसलो आणि दोघांनाही काही सुचेना, म्हणून आजींसारखं केलं, तांदूळ निवडायला नव्हते तर शेंगदाणे घेतले. त्यांनी एक उचलला, म्हणाले हे "कळवतो". मी म्हटलं हे आईचा गुडघा. असे बारा तेरा झाले, वाटीत टाकले. मग ते शेंगदाणे भाजून सकाळी चटणीत घातले, वाया कशाला घालवायचे.

आज पण जाग आली होती. पावणेचारला.

बुधवारच्या ग्रुपला काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही. त्या ताई चांगल्या आहेत, माझ्या डिलिव्हरीला डबा त्यांनीच दिला होता, एक दिवस चुकवला नाही. तोडायचं नाहीये मला. पण या बुधवारी जाणार नाही.

पाळकाचा_पोरगा, एक विचारायचं राहिलं. अप्पांचं ते तुला माहीत आहे, तुम्हाला आता पण ढोंग वाटतं का?

पाळकाचा_पोरगा

नाही. हॉलची मुदत वाढवून मिळाली नव्हती, पुढचे आठ महिने मंडळी आमच्या घरात भरली, चपला जिन्यापर्यंत. अप्पा रोज रात्री ओट्यापाशी उभे राहायचे. आता माझी मुलगी दहावीला आहे आणि परवा ती पाण्याला उठली तर मी ओट्यापाशी होतो.

नेरुळची_आजी

चटणीत लसूण घातलास का?

घणसोलीची_मार्था

घातला आजी. भरपूर.